ऐकू येणारी पावलं

रूबी कीलर नाचताना खाली बघते. नृत्याच्या कुठल्याही वर्गात पहिल्या काही दिवसांतच गुरू ही सवय मोडायला लावतो. नजर समोर हवी, पाय आपोआप पडायला हवेत. कीलरची नजर मात्र सारखी स्वतःच्या बुटांकडे वळते. गळाही बारीक, स्वरांचा पल्ला तोकडा. संवाद ती पाठांतर केलेल्या शाळकरी मुलीसारखी म्हणते. हे दोष कुणा खवचट टीकाकारानंच शोधून काढले असंही नाही. उतारवयातल्या मुलाखतींमध्ये ती स्वतःच आपल्या गाण्याची आणि अभिनयाची थट्टा करायची.

तरीही १९३३ सालच्या मार्च महिन्यात ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ हा चित्रपट झळकला आणि ही मुलगी एकदम अमेरिकेची लाडकी नायिका झाली. वॉर्नर ब्रदर्सनं तिला घेऊन नऊ चित्रपट काढले. त्यांतले सात डिक पॉवेल या गोड गळ्याच्या नायकाबरोबरचे होते. गाता न येणारी, बोलता न येणारी आणि नाचताना खाली बघणारी मुलगी बोलपटाच्या ऐन उमेदीच्या काळात एवढी मोठी कशी झाली?

याचं उत्तर शोधायला एक सोपा प्रयोग करता येतो. ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’चं शेवटचं शीर्षकनृत्य आधी आवाज बंद करून बघायचं. खांदे जरा ताठ दिसतात, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे हलतात, पाय जड वाटतात. मग तेच नृत्य आवाजासकट बघायचं. आता ते जड पाय नेमके, कोरडे, ठसठशीत ठोके वाजवताना ऐकू येतात. त्या ठोक्यांमध्ये कुठेही घाई नाही की घसरण नाही. नजर खाली का आहे, तेही लक्षात येतं. वादक जसा आपल्या वाद्याकडे बघतो, तशी ती पायांकडे बघते आहे.

बोलपट आला तेव्हा नशीब उघडलं ते गळ्यांचं, असं आपण धरून चालतो. ते बव्हंशी खरंच आहे. पण हॉलिवुडमध्ये काही वर्षं पायांचंही नशीब उघडलं होतं. रूबी कीलरची कारकीर्द म्हणजे त्या थोड्या वर्षांची गोष्ट आहे.

लाकडी तळव्यांचे बूट

कीलरचा जन्म कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. घर आयरिश वंशाच्या कॅथलिक लोकांचं, मुलं सहा आणि वडील ट्रक चालवणारे. रूबी तीनेक वर्षांची असताना बऱ्या पगाराच्या आशेनं कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि मॅनहॅटनच्या ईस्ट साइडला राहू लागलं. शाळेत आठवड्यातून एकदा कवायतीसारखा नाचाचा तास असे. तिथल्या बाईंनी मुलीचं अंग ओळखलं. पुढे ती जॅक ब्लू यांच्या नृत्यशाळेत टॅप शिकू लागली.

१९२३ मध्ये जॉर्ज एम. कोहन या ब्रॉडवेवरच्या बड्या निर्मात्याच्या ‘द राइज ऑफ रोझी ओरायली’ या संगीतिकेसाठी समूहनर्तकी हव्या होत्या. कायद्यानं सोळा वर्षं पुरी झालेली लागत. रूबी तेरा-चौदा वर्षांची होती. तिनं वय वाढवून सांगितलं आणि आठवड्याला पंचेचाळीस डॉलरची नोकरी मिळवली. ट्रकचालकाच्या घरात ही रक्कम लहान नव्हती.

रंगमंचापाठोपाठ नाइटक्लब आले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि न्यूयॉर्कमध्ये चोरून दारू विकणाऱ्या क्लबांचा सुकाळ होता. टेक्सस गाइनन या धडाकेबाज बाईच्या ‘एल फे’ क्लबमध्ये रूबी नाचू लागली. अशा ठिकाणी नाचायला जागा असते ती टेबलांच्या मधली, जेमतेम चार पावलांची. गिरक्या, उड्या, हातांचे लांब फेक यांना तिथे वाव नाही. कोलाहलात लोकांचं लक्ष खेचून घ्यायचं तर पावलांचा आवाजच कामी येतो. कीलरची शैली अशा जागांमध्ये घडली.

ती स्वतःला ‘बक डान्सर’ म्हणवत असे. टॅप या नृत्यप्रकाराचा हा जुना अवतार. टॅपची मुळं दोन ठिकाणची. एक, गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी लोकांचे पायांनी धरलेले ताल. दुसरं, आयरिश जिग आणि इंग्लंडमधल्या गिरणी-कामगारांचं लाकडी खडावांतलं नृत्य. एकोणिसाव्या शतकात शहरांच्या गरीब वस्त्यांमध्ये हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. पुढे बुटांच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या ठोकायची रीत आली आणि तिनं टॅपला आजचा खणखणीत आवाज दिला. कीलरनं मात्र लाकडी तळव्याचे बूट सोडले नाहीत. लाकडाचा आवाज खालच्या पट्टीतला आणि कोरडा. त्याला घुमारा नसतो, त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, आणि त्याचमुळे चुकलेला ठोका लपवताही येत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला लावणीचं किंवा कथकचं उदाहरण पुरेसं आहे. घुंगरू बांधलेली नर्तकी ढोलकी-तबल्याच्या साथीनं नाचते, तशीच स्वतःही एक तालवाद्य असते. जाणकार रसिक कथकमधला ततकार डोळे मिटूनही ऐकतो. टॅपचंही तसंच आहे. सिनेमा मुका होता तोवर अशा नृत्याचा अर्धा जीव पडद्यावर पोचतच नव्हता.

कॅमेरा कोठडीत

६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाला. तो पूर्ण बोलपट नव्हता. बराचसा भाग मूकच होता. गाणी आणि थोडे संवाद तेवढे ऐकू येत. आवाज चित्रफितीवर नसून ‘व्हायटाफोन’च्या मोठ्या तबकड्यांवर असे आणि प्रक्षेपकाबरोबर ती तबकडी फिरवावी लागे. या चित्रपटाचा नायक अल जोल्सन हा अमेरिकन रंगभूमीचा तेव्हाचा सर्वांत मोठा गायक होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२८ मध्ये, त्यानं आपल्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेल्या रूबी कीलरशी लग्न केलं.

त्याच सुमारास फॉक्स कंपनी आपल्या ‘मूव्हिटोन’ पद्धतीचे, म्हणजे चित्रफितीच्या कडेलाच आवाज उमटवणारे लघुपट काढत होती. नव्या यंत्राची करामत दाखवणारं काहीही त्यांना चालत असे. भाषण करणारा पुढारी, आरवणारा कोंबडा, वाजणारा बँड, सगळं चाले. त्या लघुपटांमध्ये एक रूबी कीलरच्या नाचाचा होता. पाय जमिनीवर पडताना दिसतो आणि त्याच क्षणी ठोका ऐकू येतो. चित्र आणि ध्वनी यांचा मेळ बसल्याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

पण सुरुवातीच्या ध्वनियंत्रणेनं नृत्याची पंचाईतही करून ठेवली होती. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिग्राहकात शिरू नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन या दोघांना ध्वनिरोधक कोठडीत कोंडत. कोठडीच्या काचेतून चित्रीकरण चाले. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत कॅमेरा पाखरासारखा फिरू लागला होता. तो पुन्हा खांबासारखा उभा राहिला. नाच चित्रित व्हायचा तो नाट्यगृहाच्या मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या नजरेनं. नर्तक समोर, कॅमेरा लांब, वाद्यवृंद कोपऱ्यात, आणि सगळ्यांचा आवाज एकाच वेळी मुद्रित.

यातून वाट निघाली १९२९ च्या ‘द ब्रॉडवे मेलडी’च्या वेळी. एमजीएमच्या या चित्रपटातलं एक मोठं समूहनृत्य निर्मात्यांना पसंत पडलं नाही आणि ते नव्यानं चित्रित करायचं ठरलं. ध्वनिविभागाचा प्रमुख डग्लस शीअरर याचं म्हणणं पडलं की मुद्रित झालेलं संगीत चांगलं आहे, ते तसंच ठेवू. सेटवर भोंग्यातून तेच वाजवू आणि नर्तकांना त्यावर नाचू देऊ. खर्च वाचवण्याची ही युक्ती लवकरच संगीतपटांची रीत बनली. गाणं आधी मुद्रित, चित्र नंतर. आता सेटवर शांतता पाळायची गरज नव्हती. कॅमेरा कोठडीबाहेर आला आणि पुन्हा फिरू लागला.

टॅप नर्तकांच्या बाबतीत मात्र एक गंमत झाली. भोंग्यावर गाणं वाजत असताना पायांचे ठोके वेगळे मुद्रित होईनात. मग चित्रीकरण संपल्यावर नर्तक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन, पडद्यावर स्वतःलाच बघत, फळीवर तीच पावलं पुन्हा वाजवू लागला. हे काम कधी दुसऱ्याकडूनही करून घेत. नटी जिंजर रॉजर्सच्या काही नृत्यांतले ठोके नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅनचे आहेत. म्हणजे गाण्यातल्या उसन्या आवाजासारखी उसनी पावलंही होती.

आपल्याकडे याच काळात काय चाललं होतं? १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः संगीतकार होते आणि तारामती झालेल्या दुर्गा खोटे आपली गाणी आपणच गात होत्या. आधी गाणं मुद्रित करून मग चित्रीकरण करायची पद्धत आपल्याकडे रुळली ती कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या १९३५ मधल्या ‘धूप छाँव’नंतर. संगीत नाटकाच्या मुशीतून आलेल्या मराठी बोलपटाला गाता गळा हवा होता आणि रंगभूमीनं तो पुरवला. हॉलिवुडलाही ब्रॉडवेनं गळे पुरवले, पण ब्रॉडवेजवळ वाजणारे पायही होते.

नाटकातली मुलगी आणि सिनेमातली

१९२९-३० मध्ये हॉलिवुडनं संगीतपटांचा अक्षरशः पूर आणला. दोन वर्षांत प्रेक्षकांना त्यांचा वीट आला. काही थिएटरवाले तर ‘हा संगीतपट नाही’ अशी जाहिरात करू लागले. त्यात महामंदी. १९३३ पर्यंत अमेरिकेतला दर चौथा कामगार बेकार झाला होता. वॉर्नर ब्रदर्स तोट्यात होती. अशा वेळी त्या कंपनीतला निर्मितिप्रमुख डॅरिल झनक यानं ब्रॅडफर्ड रोप्सच्या कादंबरीवरून ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ काढायचं ठरवलं. लॉइड बेकन दिग्दर्शक, हॅरी वॉरन आणि अल ड्युबिन यांची गाणी, बस्बी बर्कलीचं नृत्यदिग्दर्शन.

मधल्या काळात कीलर जवळजवळ गृहिणीच झाली होती. १९२९ मध्ये निर्माता फ्लोरेन्झ झीगफेल्ड यानं तिला ‘शो गर्ल’ या संगीतिकेत मुख्य भूमिका दिली. गर्श्विनचं संगीत, रंगमंचावर ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, म्हणजे कुणाही नर्तकीचं स्वप्न. पण त्या प्रयोगांची आठवण लोकांनी जपली ती वेगळ्याच कारणासाठी. रूबी जिन्यावरून नाचत खाली यायची आणि प्रेक्षकांत बसलेला जोल्सन उठून तिच्यासाठी गाऊ लागायचा. टाळ्या अर्थातच त्याला. काही आठवड्यांत प्रकृतीच्या कारणानं ती संगीतिकेतून बाहेर पडली आणि जोल्सनमागोमाग कॅलिफोर्नियाला गेली.

‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ची कथा साधी. मंदीनं पार धुतला गेलेला एक आजारी दिग्दर्शक शेवटची संगीतिका उभी करतो आहे. प्रयोगाच्या आदल्या रात्री मुख्य नायिकेचा घोटा मोडतो. मग समूहनृत्यातली नवखी मुलगी, पेगी सॉयर, तिच्या जागी उभी केली जाते आणि प्रयोग तरून जातो. पेगीच्या भूमिकेत कीलर. कथेत एक मजेशीर वळण आहे. ही संधी आधी अ‍ॅनी नावाच्या चटपटीत मुलीला मिळते आणि ती आपणहून सांगते की आपल्याला जमणार नाही, पेगीला जमेल. अ‍ॅनी झाली होती जिंजर रॉजर्स. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉजर्स फ्रेड अस्टेअरबरोबर नाचली आणि हॉलिवुडच्या नृत्यपटाचं पुढलं पर्व सुरू झालं.

कीलरचं कच्चेपण इथे तिच्या पथ्यावर पडलं. पेगी ही पोटासाठी नाचणारी, बुजरी, साधी मुलगी. सराईत नायिकेला असं नवखेपण आणावं लागलं असतं. कीलरला ते लपवता येत नव्हतं. संवाद अडखळत म्हटले तरी ते पेगीला शोभत होते. आणि शेवटी तिनं पाय वाजवले की कथेचाही पुरावा मिळत असे. ही मुलगी बोलण्यात कच्ची असेल, पण कामात पक्की आहे. बेकारीनं ग्रासलेल्या प्रेक्षकांना मेहनतीचा तो आवाज जवळचा वाटला असणार. टॅप हे घाम गाळून करायचं काम आहे आणि कीलर ते लपवत नाही.

शीर्षकनृत्याची रचनाही ऐकण्यावर बेतलेली आहे. आधी कीलर गाते, मग लांब घागरा बाजूला सारून टॅप सुरू करते. थोड्या वेळानं कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं की ती जमिनीवर नव्हे, टॅक्सीच्या टपावर नाचते आहे. पुढे बेचाळिसावा रस्ता सगळा जिवंत होतो, पण त्या गर्दीची लय तिच्या पायांनी आधीच बांधून दिलेली असते.

वॉर्नरनं जाहिरातही दणक्यात केली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साथीनं नटनट्यांनी भरलेली एक खास आगगाडी देशभर फिरवली आणि ४ मार्च १९३३ ला, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या शपथविधीच्या दिवशी, ती वॉशिंग्टनला पोचवली. दोनच दिवसांनी देशातल्या सगळ्या बँका सरकारी हुकुमानं बंद झाल्या. अशा दिवसांत लोकांनी तिकिटं काढून हा चित्रपट बघितला. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि ध्वनिमुद्रण या दोन ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं. ध्वनिमुद्रणासाठीचं नामांकन आपल्या विषयाच्या दृष्टीनं अधिक बोलकं आहे.

चेहऱ्यांची आरास

त्याच वर्षी ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ आणि ‘फूटलाइट परेड’ आले. एकाच वर्षात तीन मोठे चित्रपट. पण या दोन चित्रपटांमध्येच कीलरच्या कारकिर्दीतली अडचणही दिसू लागते. ती अडचण म्हणजे तिला मोठं करणारा बस्बी बर्कलीच.

बर्कली हा नृत्य शिकलेला माणूस नव्हता. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी होता आणि फ्रान्समध्ये सैनिकांच्या कवायती बसवत असे. त्याच्या डोक्यात पावलं नसून आकृत्या होत्या. कॅमेरा स्टुडिओच्या छताशी नेऊन तो खाली पन्नास-शंभर मुलींची फुलं उमलवायचा, चक्रं फिरवायचा. ‘गोल्ड डिगर्स’मध्ये व्हायोलिनवर निऑनचे दिवे लावून अंधारात नाचवलेल्या मुली आहेत. १० मार्च १९३३ रोजी लाँग बीचचा भूकंप झाला तेव्हा याच नृत्याचं काम चालू होतं. व्हायोलिनमध्ये वीज खेळवलेली होती, त्यांतल्या काहींत शॉर्ट सर्किट झालं आणि उंचावर चढलेला बर्कली पडता पडता वाचला.

अशा आकृत्यांमध्ये एकट्या नर्तकीच्या पायांना काम उरत नाही. याला मोठा अपवाद ‘फूटलाइट परेड’मधल्या शेवटच्या नृत्याचा. जेम्स कॅग्नी आणि कीलर दारूच्या गुत्त्यातल्या फळीवर चढून जोडीनं टॅप करतात आणि पडदा पुन्हा वाजू लागतो. त्या नृत्यात कीलरला चिनी मुलीचा रंग फासला आहे. गोऱ्या नटीला आशियाई म्हणून उभं करायची ही तेव्हाची सर्रास चाल. आज ती बघताना खटकते आणि खटकायलाच हवी.

१९३४ च्या ‘डेम्स’मध्ये गोष्ट टोकाला गेली. पॉवेलच्या मनात कीलरशिवाय काही नाही हे दाखवण्यासाठी बर्कलीनं कितीतरी मुलींना कीलरच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले. चेहरे तरंगतात, वळतात, शेवटी तुकडे जुळून तिचं एक अवाढव्य चित्र तयार होतं. चित्रपटाच्या इतिहासात या नृत्याला मानाचं पान आहे, आणि ते पान त्यानं कमावलेलंही आहे. पण बघा, जिच्या पायांनी हे वैभव उभं केलं तिचा फक्त चेहरा उरला, तोही कागदी. नर्तकीची सजावट झाली.

नंतरच्या चित्रपटांत वॉर्नरनं तिला लष्करी आणि नौदलाच्या विद्यालयांच्या गोष्टींमध्ये पॉवेलची प्रेयसी करून टाकलं. १९३५ मध्ये ‘गो इन्टू युअर डान्स’ हा तिचा आणि जोल्सनचा जोडीनं केलेला एकमेव चित्रपट आला. १९३७ च्या ‘रेडी, विलिंग अँड एबल’मध्ये नृत्यदिग्दर्शक बॉबी कॉनली यानं एक भला मोठा टाइपरायटर बनवून घेतला. कीलर आणि ली डिक्सन त्याच्या कळांवर उड्या मारत टॅप करतात आणि वर आडव्या पडलेल्या मुलींचे पाय अक्षरं उमटवणाऱ्या दांड्या होतात. कल्पना चमत्कारिक आहे, पण कीलरच्या शैलीला इतकं साजेसं दुसरं नृत्य नाही. टाइपरायटरही टकटकच करतो.

इतर पाय

चारच वर्षांत कीलर मागे का पडली, हे तिच्या भोवतीच्या नर्तकांकडे बघितलं की कळतं. फ्रेड अस्टेअरचा आग्रह होता की नर्तक डोक्यापासून पायापर्यंत पडद्यावर दिसला पाहिजे आणि नृत्य शक्यतो न तोडता, लांबलचक शॉटमध्ये चित्रित झालं पाहिजे. १९३४ च्या ‘द गे डिव्होर्सी’ आणि १९३५ च्या ‘टॉप हॅट’नं प्रेक्षकांची नजर घडवली. आता पाय वाजणं पुरेनासं झालं. कंबर, खांदे, हात आणि नजर या सगळ्यांतून एक सलग ओळ दिसायला हवी होती. १९३५ मध्येच एलिनॉर पॉवेल ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३६’मधून आली. तिच्या ठोक्यांचा वेग बंदुकीच्या फैरीसारखा, आणि त्यात बॅलेच्या गिरक्या. तिच्या शेजारी कीलर जुन्या जमान्यातली वाटू लागली. वयानं त्या जवळपास सारख्याच होत्या; जुनी झाली होती ती शैली.

या हिशेबात आणखी एक रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय गोष्ट खरी होत नाही. टॅपची खरी प्रयोगशाळा कृष्णवर्णीय नर्तकांची होती. बिल रॉबिन्सननं टॅपला तळव्यांवरून चवड्यांवर आणून हलकं केलं. जॉन बबल्सनं टाचांचे ठोके घालून ताल गुंतागुंतीचा केला. अस्टेअर-पॉवेलपर्यंत सगळे त्यांचे ऋणी आहेत. पण ध्वनिपट आल्यावर ज्या प्रेमकथांच्या मध्यभागी नृत्य बसवलं गेलं, तिथे या नर्तकांना प्रवेश नव्हता. १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’मध्ये रॉबिन्सन जिन्यावर चिमुरड्या शर्ली टेंपलबरोबर नाचला, तो नोकराच्या भूमिकेत. गोऱ्या नायिकेबरोबर नायक म्हणून त्याला कुणी उभं केलं नसतं. नव्या यंत्राला वाजणारे पाय हवे होते हे खरं. त्यांतले कोणते पाय पडद्याच्या मध्यभागी येणार, हे मात्र यंत्रानं ठरवलं नाही.

परत फळीवर

जोल्सनचं वॉर्नरशी बिनसलं आणि त्याच्याबरोबर कीलरनंही ती कंपनी सोडली. आरकेओसाठी तिनं १९३८ मध्ये ‘मदर केरीज चिकन्स’ केला, त्यात नाच नव्हता. १९४० मध्ये घटस्फोट झाला. १९४१ मध्ये कोलंबियाचा ‘स्वीटहार्ट ऑफ द कॅम्पस’ हा छोटा चित्रपट केला आणि तिनं काम थांबवलं. त्याच वर्षी तिनं जॉन लो या चित्रपटसृष्टीबाहेरच्या गृहस्थाशी लग्न केलं आणि पुढली जवळपास तीन दशकं मुलाबाळांत घालवली. १९४६ मध्ये जोल्सनच्या आयुष्यावर चित्रपट निघाला तेव्हा तिनं आपलं नाव वापरू दिलं नाही. पडद्यावरच्या बायकोला वेगळंच नाव द्यावं लागलं. एके काळी त्याच्या गाण्यामुळे तिचा नाच झाकला गेला होता. आता त्याच्या कथेत आपण कुठे दिसायचं हे तिनं ठरवलं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीचे जुने चित्रपट चित्रपट-मंडळांत आणि महोत्सवांत पुन्हा दाखवले जाऊ लागले आणि तरुण प्रेक्षक त्यांच्या प्रेमात पडले. त्या लाटेवर १९२५ ची ‘नो, नो, नॅनेट’ ही संगीतिका ब्रॉडवेवर परत आणायचं ठरलं. देखरेखीसाठी बर्कलीचं नाव, नृत्यं डोनल्ड सॅडलरची, आणि एका भूमिकेसाठी साठीतली रूबी कीलर. १९ जानेवारी १९७१ रोजी पहिला प्रयोग झाला. ठरावीक वेळी ती मंचावर येई, समूहाच्या पुढे उभी राही आणि टॅप सुरू करी. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत. संगीतिकेचे ८६१ प्रयोग झाले. टोनी पुरस्कार हेलन गॅलगर आणि पॅट्सी केली या सहकलाकारांना मिळाले, पण तिकीट खिडकीवर गर्दी खेचणारं नाव कीलरचं होतं. इथे कॅमेरा नव्हता, मुखवटे नव्हते, ठोके नंतर भरायची सोय नव्हती. ‘एल फे’त होतं तेच सगळं पुन्हा होतं. समोर माणसं, खाली लाकूड आणि तिचे पाय.

१९७४ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकारानं ती मरता मरता वाचली. त्यानंतर काठी घेऊन चालू लागली. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी कॅलिफोर्नियात तिचं निधन झालं. कारकिर्दीत मुख्य भूमिकांचे अकराच कथापट, आणि त्यांतले खरे लक्षात राहिलेले चार-पाच.

त्या चार-पाच चित्रपटांनी काय केलं, याचं उत्तर १९८० मध्ये मिळालं. गॉवर चॅम्पियन यानं ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ची रंगमंचावरची संगीतिका केली. २५ ऑगस्टला ती ब्रॉडवेवर लागली आणि तिचे ३,४८६ प्रयोग झाले. पडदा थोडाच वर जातो, प्रेक्षकांना आधी दिसतात ते फक्त डझनावारी टॅप करणारे पाय. या संगीतिकेतल्या पेगी सॉयरला जे नाचावं लागतं, ते कीलरला झेपलं नसतं. वेग दुप्पट, पल्ला मोठा, गाणंही खणखणीत हवं. तिची भूमिका तिच्यापेक्षा मोठी झाली होती. पण पडदा अर्धवट असताना, चेहरे दिसायच्या आधी, नुसत्या पावलांच्या आवाजावर टाळी घेता येते हा विश्वास त्या संगीतिकेनं आणला कुठून? तो १९३३ साली एका खाली बघणाऱ्या मुलीनं, प्रेक्षकांना पाय ऐकायची सवय लावून, कमावून ठेवला होता.